होमिओपॅथीचं पथ्य आणि कोल्हापूरचं घर

होमिओपॅथीच्या गोळ्या चालू आहेत म्हटलं की आमच्याकडे समोरच्याचा पहिला प्रश्न "काय होतंय तुम्हाला?" असा नसतो. "मग कांदा बंद?" हा असतो. त्यानंतर जो तो आपली यादी सांगतो. कुणी म्हणतं कॉफी सोडा, कुणी म्हणतं अत्तर लावू नका, कुणी सांगतं लोखंडाच्या तव्यावरचं खाऊ नका. मलाही हे सगळं ऐकायला मिळालं. पण औषध घेताना ज्या गोष्टी खरोखर जपाव्या लागतात, त्यातल्या बऱ्याचशा या गप्पांत कुणीच काढत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझं दुखणं म्हणजे ॲलर्जीची सर्दी. सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकला की शिंकांची माळ लागायची. नाक गळायचं, टाळूला खाज सुटायची, डोळे चुरचुरायचे. कोल्हापूरची हवा अशा माणसाला वर्षातून दोनदा गाठते. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास सुटतो आणि दाराच्या चौकटीमागे बुरशी धरते. दिवाळी झाली की कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो, शेतात पाचट पेटतं, गुऱ्हाळांच्या चुलवाणाचा धूर असतोच. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे आणि रात्री घ्यायची सेट्रिझिनची गोळी दिली होती. पावसाळ्यात छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा, त्यासाठी तोंडानं ओढायचा पंपही (इनहेलर) होता. या औषधांनी बरं वाटायचं. पण सेट्रिझिन घेतली की सकाळी डोळ्यांवर झापड असायची आणि मला साडेसातला वर्गात उभं राहावं लागतं. त्या गोळीची गरज कमी व्हावी, एवढ्याच अपेक्षेनं मी राजारामपुरीतल्या एका होमिओपॅथी डॉक्टर मॅडमकडे गेले.

पहिली भेट खूप वेळ चालली. सर्दीबद्दल विचारलंच, पण त्याहून जास्त इतर विचारलं. तहान किती लागते, पाणी घोटघोट पिता की एकदम तांब्याभर? घाम कुठे येतो? झोपताना कुठल्या कुशीवर? उन्हात त्रास होतो की गारठ्यात? खारट आवडतं की गोड? राग आला की बोलून टाकता की मनात ठेवता? कुणी समजूत काढली तर बरं वाटतं की आणखी रडू येतं? घरात कुणाला दमा, कुणाला त्वचेचे विकार? इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. सगळं सांगता सांगता मला स्वतःलाच कळलं की माझ्या शिंका चादरी झटकल्या की आणि धान्य निवडताना हमखास वाढतात.

इतकं विचारण्यामागचं कारण मॅडमनी समजावून सांगितलं. या पद्धतीत औषध रोगाच्या नावावरून निवडत नाहीत, माणसाच्या एकूण लक्षणांवरून निवडतात. निरोगी माणसात जो पदार्थ जी लक्षणं उठवतो, तो अतिसूक्ष्म करून तशाच लक्षणांच्या रोग्याला द्यायचा, हा डॉ. सॅम्युअल हानेमान या जर्मन वैद्यानं मांडलेला विचार. कांदा चिरताना नाकाडोळ्यांतून पाणी येतं, म्हणून नाक झोंबून गळणाऱ्या सर्दीसाठी कांद्यापासूनच केलेलं 'एलियम सेपा' हे औषध आहे. साध्या मिठापासून केलेलं 'नेट्रम मूर' आहे. म्हणून दोघांना सर्दीच असली तरी दोघांच्या शिशीवरचं नाव वेगळं असू शकतं. घरातल्या एकाच्या गोळ्या दुसऱ्यानं घ्यायच्या नाहीत, हे पथ्य तिथूनच आलं. आमच्याकडे हे सांगावंच लागलं, कारण माझ्या गोळ्या बघून धाकट्या जावेनं लगेच हात पुढे केला होता.

आता मॅडमनी सांगितलेलं पहिलं पथ्य. ते खाण्यापिण्याचं नव्हतंच. "ताई, स्प्रे आणि पंप माझ्या सांगण्यावरून बंद करायचे नाहीत. ज्यांनी दिलेत त्यांच्याकडे जाऊन, तपासून, तेच कमी करतील. पंप तर कायम हाताशी पाहिजे." हे त्यांनी कागदावरही लिहून दिलं.

याचं महत्त्व मला वेटिंगमध्ये बसल्यावर कळलं. शेजारी बसलेल्या एक मावशी गुडघेदुखीसाठी आल्या होत्या. होमिओपॅथी घेताना "इंग्रजी औषध चालत नाही" असं कुणीतरी सांगितलं, म्हणून त्यांनी थायरॉईडची गोळी आपल्या मनानं सोडली होती. पाय सुजलेले, चेहरा थोराड दिसत होता. मॅडमनी त्यांना त्याच दिवशी मूळच्या डॉक्टरांकडे धाडलं. रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड, फिट्स, दमा, हृदयविकार, रक्त पातळ करायचं औषध, यातलं काहीही गोड गोळ्यांच्या भरवशावर सोडलं तर जिवावर बेतू शकतं. मी हे जिथे जाईन तिथे सांगते. कांदा खाल्ला तर फार तर काय होईल? पण इन्सुलिन चुकवलं तर माणूस दवाखान्यात पोचतो.

मग रोजची शिस्त. गोळ्या घेण्याआधी आणि नंतर साधारण अर्धा तास तोंडात काही नको, पाणी सोडून. चार गोळ्या शिशीच्या झाकणात काढायच्या आणि तिथूनच थेट जिभेवर. चावायच्या नाहीत, विरघळू द्यायच्या. हात लावायचा नाही, कारण औषधाचा अर्क साखरेच्या गोळीवर वरून सोडलेला असतो आणि हाताला साबण, लसूण, तेल, काहीही लागलेलं असतं. खाली पडलेली गोळी परत शिशीत टाकायची नाही. माझी सकाळ दात घासणं, चहा, डबा अशी एकामागे एक पळते. त्यात अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन फटी काढणं अवघड होतं. टूथपेस्ट पुदिन्याची किंवा लवंगेची असेल तर तिचा वास तोंडात रेंगाळतो, म्हणून तीही आड येते. शेवटी मी वेळच बदलून घेतली. पहाटे उठल्या उठल्या चूळ भरून गोळ्या, मग पाणी तापवणं आणि कणीक मळणं, आणि त्यानंतर दात घासून चहा. डॉक्टरांना विचारून वेळ अशी हलवता येते. "उपाशीपोटी सकाळीच" म्हणजे अमुक वाजताच, असं काही नसतं.

चहाला मॅडमची ना नव्हती. कॉफी मात्र बंद. त्यामागे जुनी गोष्ट आहे. हानेमाननं १८०३ मध्ये कॉफीच्या परिणामांवर एक स्वतंत्र निबंधच लिहिला होता. कॉफी हे पेय नसून औषधी पदार्थ आहे आणि रोज घेतल्यानं शरीर बिघडतं, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे १८१० मध्ये आलेल्या 'ऑर्गेनन' या त्याच्या मुख्य ग्रंथात पथ्याची लांब टीप आहे. तिच्यात कॉफी आहे, सुगंधी पाणी आणि अत्तरं आहेत, औषधी दंतमंजन आहे, मसालेदार पदार्थ आहेत, कांदा आहे, आणि खोलीत ठेवलेली उग्र वासाची फुलंसुद्धा आहेत. म्हणजे आपल्याकडे जी यादी "आमच्या डॉक्टरांनी सांगितलं" म्हणून फिरते, ती बरीचशी दोनशे वर्षांपूर्वीच्या जर्मनीतली आहे. त्या काळच्या जर्मन स्वयंपाकघराला धरून केलेली यादी आपल्या स्वयंपाकघराला जशीच्या तशी लावता येत नाही, हे मॅडमनीही मान्य केलं. आजचे कितीतरी होमिओपॅथ ती पूर्वीइतकी कडक पाळायला लावत नाहीत.

कारण आमच्या स्वयंपाकघराचं काय करणार? उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, मसाला भाजून, कांदा-लसूण घालून डंकावर कुटून आणलेली वर्षाची चटणी बरणीत भरलेली असते. ती आमटीत पडते, भाजीत पडते, भाकरीबरोबर तेल घालून नुसतीही खाल्ली जाते. तांबड्या रश्शाचा रविवार असतो. मिसळीवर मूठभर कच्चा कांदा नसेल तर ती पुढ्यात ठेवणाऱ्यालाही चैन पडत नाही. मॅडम स्वतः कोल्हापूरच्याच. त्यांनी सरळ सांगितलं, "शिजलेला कांदा-लसूण जेवणात चालेल. कच्चा कांदा, कच्चा लसूण, हिंगाची पाचक गोळी हे औषधाच्या वेळेपासून लांब ठेवा. आणि ज्यानं तुम्हाला स्वतःला त्रास होतो, ते यादीत नसलं तरी बंद." शेवटचं वाक्य मला सगळ्यात उपयोगाचं वाटलं. चटणी कुटून आणली की ती बरणीत भरताना माझ्या शिंकांना खंड नसायचा. ते काम नवऱ्यानं घेतलं. मीही तोंडाला ओलं फडकं असल्याशिवाय धान्याजवळ जात नाही.

खरी ओढाताण झाली ती कापरावरून.

कापूर हा होमिओपॅथीत जवळजवळ सगळ्या औषधांचा उतारा मानला जातो. म्हणजे गोळ्यांजवळ कापूर असला तर त्यांचा गुण जातो, असं ही पद्धत मानते. आमच्या घरी संध्याकाळी कापरारती चुकत नाही. अंबाबाईच्या गावात राहून कापूर बंद करा म्हणायचं कुणी? त्यात सासूबाईंची औषधांची डबी देवघराच्या फळीवरच असते, कापराच्या डबीला टेकून. माझी शिशीही त्यांनी प्रेमानं तिथेच नेऊन ठेवली. मी सांगितल्यावर त्या गप्प झाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "अगं, देवाजवळ ठेवलेलं औषध बाधतंय व्हय?" त्यांचं मन दुखावलं होतं आणि मला ते नको होतं. पुढच्या खेपेला मी त्यांना बरोबरच घेऊन गेले. मॅडमनी त्यांना समोर बसवून सांगितलं, "आई, आरती रोज करा. फक्त गोळ्यांची शिशी दुसऱ्या खोलीत ठेवा आणि आरती झाल्यावर अर्ध्या तासानं हिला गोळी घेऊ द्या." सासूबाईंनी तिथेच होकार दिला. त्या दिवसापासून शिशी कोण, कुठे ठेवतं यावर त्यांचंच लक्ष असतं. कपाटात डांबरगोळ्या आहेत म्हणून एकदा तिथूनही त्यांनीच ती हलवली. पथ्य एकट्या रोग्याचं नसतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना कारण नीट सांगितलं तर ते आपल्यापेक्षा चोख पाळून घेतात.

व्हिक्स आणि अमृतांजन सोडणं मात्र माझं मलाच जड गेलं. दोन्हींत कापूर आणि मेंथॉल असतं. पावसाळ्याच्या रात्री नाक चोंदलं की छातीला, नाकाखाली व्हिक्स चोळून झोपायची सवय लहानपणापासूनची. त्याऐवजी मॅडमनी साध्या पाण्याची वाफ सांगितली, त्यात निलगिरीचं तेल न टाकता. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला शिकवलं. पाणी आधी उकळून कोमट केलेलंच हवं, थेट नळाचं चालत नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. खरं सांगते, या एका गोष्टीनं मला जितका आराम पडला तितका व्हिक्सनं कधी पडला नव्हता. परागकण, धूळ, चिकट शेंबूड सगळं धुऊन निघतं. रात्री उशी दोन घेते. खोलीतली ओल धरलेली भिंत खरवडून, वाळवून पुन्हा रंगवून घेतली. कापसाच्या गाद्या उघडीप मिळाली की गच्चीवर उन्हात टाकते. उशांचे अभ्रे आणि चादरी गरम पाण्यात धुते.

गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत त्रास थोडा वाढला तर घाबरू नका, असं होमिओपॅथीत सांगतात. त्यामागे त्यांची एक समजूत आहे. पण या वाक्याचा आधार घेऊन किती काळ थांबायचं हे आधीच ठरवून घ्यायला हवं. मी मॅडमना सरळ विचारलं की कुठल्या लक्षणांना "औषध काम करतंय" म्हणायचं नाही. त्यांनी सांगितलं ते मी फ्रिजच्या दारावर लिहून लावलं आहे. दम लागून एक वाक्य सलग बोलता न येणं, ओठ निळसर पडणं, पंप मारूनही श्वास न मोकळा होणं, तोंड किंवा जीभ सुजणं, छातीत दुखणं, न उतरणारा ताप. यातलं काहीही झालं की गोळ्यांची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा किंवा रिक्षा काढून जवळचा मोठा दवाखाना नाही तर सीपीआर, म्हणजे आमच्या गावचं सरकारी रुग्णालय, गाठायचं. लहान मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या बाबतीत तर आणखी लवकर.

औषधाचं नाव मागून घेणं हेही मी पथ्यातच धरते. काही ठिकाणी पांढऱ्या पुड्या हातात देतात, वर ना नाव ना तारीख. मॅडम मला चिठ्ठीवर नाव आणि पोटेन्सी, म्हणजे औषध किती वेळा पातळ केलं तो आकडा, लिहून देतात, नेट्रम मूर २००, एलियम सेपा ३० अशी. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना तीच चिठ्ठी मी फाईलमध्ये लावून नेते, म्हणजे कुणाला अंदाज बांधावा लागत नाही. ज्यांना साखर आहे त्यांनी गोळ्या साखरेच्या असतात हे डॉक्टरांशी बोलून घ्यावं. थेंबांच्या औषधात अल्कोहोल असतं, तेही विचारून घ्यावं. डॉक्टर बीएचएमएस (होमिओपॅथीची पदवी) आहेत का आणि महाराष्ट्र होमिओपॅथी परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे का, हे भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर बघायला लाज वाटायचं कारण नाही. एका खेपेला मॅडमनी मला सांगूनच काही दिवस नुसत्या साखरेच्या, औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. मोठ्या डोसनंतर थांबून बघायची त्यांच्यातली पद्धत आहे. त्यांनी ते लपवलं नाही, म्हणून माझा विश्वास वाढला.

आता जे बोलायला अवघड जातं ते. ३० पोटेन्सी म्हणजे एकास शंभर या प्रमाणात तीस वेळा पातळ केलेलं. बाराव्या खेपेच्या पुढे मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरण्याची शक्यताही जवळजवळ संपते, हे रसायनशास्त्र सांगतं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून निष्कर्ष काढला की कुठल्याही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा सापडत नाही. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर मला हेच सांगत होते आणि त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. मला बरं वाटलं हे खरं. सकाळच्या शिंका कमी झाल्या, सेट्रिझिन आता रोज लागत नाही, आणि ती कमी करण्याचा निर्णय कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासून घेतला. पण त्याच काळात भिंत सुधारली, गाद्या उन्हात गेल्या, नाक धुणं सुरू झालं आणि चटणीच्या बरणीपासून मी लांब झाले. यातलं श्रेय कुणाला किती, हे मी वाटू शकत नाही. म्हणून "होमिओपॅथीनं माझी ॲलर्जी गेली" असं मी कुणाला सांगत नाही, आणि पंप घरी ठेवून कधी बाहेर पडत नाही.

एक वही मात्र मी मनापासून सुचवेन. रोज रात्री दोन ओळी. झोप कशी झाली, शिंका कधी आल्या, त्याआधी काय केलं होतं, पंप लागला का, काय खाल्लं. या वहीतूनच कळलं की मिसळीच्या कांद्यानं मला काहीच होत नाही, पण गुऱ्हाळावर जाऊन आले की दोन दिवस त्रास होतो. मुलांना काकवी आणि गरम गूळ दाखवायला न्यायचं होतं तेव्हा मी वाऱ्याच्या वरच्या बाजूला, चुलवाणापासून दूर उभी राहिले आणि मास्क काढला नाही. ही माहिती कुठल्याच छापील पथ्यात मिळाली नसती. मॅडम वही आधी वाचतात, मग मला विचारतात. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनीही ती चाळली आणि पावसाळ्याच्या आधीच स्प्रे नियमित सुरू करायला सांगितलं, कारण तो त्रास झाल्यावर एकदा मारून भागत नाही, रोज वापरला तरच उपयोगी पडतो.

येत्या चैत्रात जोतिबाला जायचं ठरतं आहे. यात्रेला डोंगर गुलालानं न्हाऊन निघतो. नाकाला तो किती झोंबेल हे मला माहीत आहे. दोन्ही डॉक्टरांशी बोलले. यात्रेच्या मुख्य दिवशी जायचं नाही, गर्दी ओसरल्यावर सकाळी लवकर जायचं, मास्क घालायचा, पंप पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात, आल्यावर अंघोळ आणि नाक धुणं. गोळ्यांची शिशी बरोबर न्यायची नाही, कारण पर्समध्ये सासूबाईंसाठी घेतलेली कापराची पुडी असणार. त्या दिवशीचा एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी नेहमीएवढाच घ्यायचा, दुप्पट नाही.